चौथं कारण

"आधी एक पेन्सिल दे," आठल्येकाका म्हणाले, "मग तुला दाखवतो, सरकारच्या तोंडातून साठ हजार डॉलर कसे काढायचे ते."

मार्च संपत आला होता आणि ओहायोतल्या आमच्या त्या लहानशा शहरातून बर्फ जायचं नाव घेत नव्हतं. काका जिन्याशी बूट काढून लोकरीच्या मोज्यांनी माझ्या बेसमेंटमध्ये उतरले होते. माझं ऑफिस तिथंच होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, सारखा कागद अडकणारा प्रिंटर आणि भिंतीशी लावलेले लोकांच्या फायलींचे ढीग. फेब्रुवारीपासून पंधरा एप्रिलपर्यंत मी कुणाची बायको नसायचे आणि कुणाची आईही नसायचे. फक्त लोकांचे टॅक्स भरायचे. त्या दिवशी अजून एक्कावन्न फायली उरल्या होत्या, कंबर धरली होती, आणि सकाळपासून केलेले तीन चहा तीन ठिकाणी गार होऊन पडले होते. खरं सांगायचं तर काकांना बघून मला आनंद झाला नाही. चला, बावन्नावी फाइल आली, एवढंच मनात आलं.

पण नवल वाटलं. सदानंद आठल्ये हा माणूस कुणाकडे काही मागायला जाणारा नव्हता. पंप बनवणाऱ्या एका कंपनीत एकतीस वर्षं इंजिनिअर म्हणून काढली आणि मागच्याच्या मागच्या ऑक्टोबरात निवृत्त झाले. आमच्या शहरातल्या अकराही मराठी घरांतली, घर गरम ठेवणारी भट्टी त्यांनी कधी ना कधी दुरुस्त केली होती. दुरुस्त करताना घरमालकाला इतकं बोलायचे की पैसे देऊन प्लंबर बोलावला असता तर बरं, असं वाटायचं. स्वतःचं टॅक्स रिटर्न ते आयुष्यभर स्वतः, हातानं, पेन्सिलनं भरत आलेले. माझ्या धंद्याबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. ज्याला बेरीज येते त्यानं हेमांगीकडे कशाला जावं, असं ते माझ्या नवऱ्याला माझ्यादेखत म्हणाले होते.

आता तेच काका माझ्यासमोर बसून कागदावर टाकी काढत होते. टाकी म्हणजे त्यांचं कंपनीतलं निवृत्तीचं खातं. दर पगारातून कापलेल्या पैशांतून त्यांनी त्यात एकतीस वर्षं कंपनीचेच शेअर घेतले होते. घेतले तेव्हा सगळे मिळून पन्नासेक हजारांचे. आता ते चार लाखांचे झाले होते. हे शेअर खात्यातच विकून पैसे काढले, तर सगळ्या चार लाखांवर पगारावर बसतो तसा भारी टॅक्स. पण शेअर न विकता शेअरच्याच रूपात बाहेर काढले, तर पगारासारखा टॅक्स फक्त मूळच्या पन्नास हजारांवर. मधल्या वाढीवर पुढे विकताना हलका टॅक्स. त्यांच्या ऑफिसातल्या बिल नावाच्या जुन्या दोस्तानं त्यांना कॉफी पिता पिता हे सांगितलं होतं, आणि काकांनी घरी येऊन चार रात्री जागून कायदा वाचून काढला होता.

"बरोबर आहे का नाही?" त्यांनी विचारलं.

अगदी बरोबर होतं. माझ्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना हा नियम धड माहीत नव्हता. मी तसं म्हटल्यावर काका खूश झाले, आणि मग ज्यासाठी हे सगळं चाललं होतं ते त्यांनी सांगितलं.

कुमुदकाकूंना संधिवात होता. नोव्हेंबर उजाडला की त्यांची बोटं मिटेनाशी व्हायची. डिसेंबरात कणीक काकाच मळायचे, जानेवारीत काकूंच्या ब्लाउजचे हूकही तेच लावायचे. डॉक्टरनं सरळ सांगितलं होतं की हिवाळ्यात यांना उबदार ठिकाणी न्या. काकूंची धाकटी बहीण शैला देवरुखला एकटी राहत होती. तिनं मागच्या दोन खोल्या बहिणीसाठी धरून ठेवल्या होत्या. त्या दुरुस्त करायच्या, बाथरूम आतून करून घ्यायची, आणि दर वर्षी डिसेंबर ते मार्च दोघांनी तिकडे राहायचं, असा बेत ठरला होता. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे इथं अडून राहायचं कारण नव्हतं. म्हातारपणी सरकारकडून मिळणाऱ्या पेन्शनवर इथलं घर कसंबसं चालत होतं. दर वर्षीचा देवरुखचा खर्च त्या खात्यातूनच निघणार होता, दुसरीकडे कुठे पैसा नव्हता.

"शैलाला गवंड्याला सांगायचंय," काका म्हणाले. "पावसाच्या आत काम उरकलं पाहिजे. तू फॉर्म भर, मी सही करतो."

मी फॉर्म काढला. तो भरायला घ्यायच्या आधी एक प्रश्न विचारावाच लागतो, तो मी विचारला. निवृत्त झाल्यापासून या खात्यातून काही काढलंय का?

"छे," काका म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे, आपल्यासाठी काही नाही. देवीचे तेवढे काढले."

आठल्यांच्या घरात नव्या कमाईतला पहिला वाटा कुलदेवीचा. काकांनी इथला पहिला पगार हातात पडला तेव्हा त्यातले वीस डॉलर गावी पाठवले होते. घर घेतलं, बढती झाली, प्रत्येक वेळी आधी देवी, मग आपण. निवृत्तीनंतर तर काकूंनी बजावलंच होतं की एकतीस वर्षांची ही शेवटची कमाई, तिच्यातला एक डॉलरही आपल्या पोटात जायच्या आधी देवीचं द्यायचं. म्हणून त्याच नोव्हेंबरात काकांनी खात्यातून सात हजार काढून गावी पाठवले. देवळाच्या सभामंडपाला फरशी बसली. फरशीचा फोटो त्यांच्या फ्रिजवर लावलेला मी पाहिला होता.

हा प्रश्न विचारलाच नसता तर बरं झालं असतं, असं क्षणभर वाटलं. मी उगाच कॅल्क्युलेटर जवळ ओढला. त्यात करण्यासारखं काही नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "नोकरी सोडल्यावर हे खातं एकाच वर्षात पूर्ण रिकामं व्हावं लागतं. तरच सवलत. तुम्ही त्या वर्षी सात हजार काढलेत आणि बाकीचं तसंच ठेवलंत."

"मग?"

"मग ती संधी गेली."

"सात हजारांमुळे?"

"सात डॉलर असते तरी गेली असती."

काका कागदावरच्या टाकीकडे बघत राहिले. ते पैसे परत भरले तर, असं त्यांनी विचारलं. त्याला साठ दिवसांची मुदत असते, ती संपून वर्ष उलटलं होतं. ते देवळाला दिले होते, स्वतः खाल्ले नव्हते, हे सांगून पाहिलं तर? मी म्हटलं, पैसे कुठे गेले याच्याशी सरकारला कर्तव्य नाही, ते काढले याच्याशी आहे. हे मी जरा तुटकच बोलले. एव्हाना वर फोन वाजायला लागला होता आणि तो माझ्यासाठीच होता.

काकांनी चष्मा काढून पुसला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवलेल्या माणसाला स्वतःची चूक कशी हातात धरावी ते कळत नव्हतं. आणि ती चूक त्यांची तरी कुठे होती? आमच्यातल्या कुणाही घरानं तेच केलं असतं. माझ्या सासूबाईंनी तर सात हजारांऐवजी दहा पाठवायला लावले असते.

"हिला सांगू नकोस," ते म्हणाले.

"काका, पण..."

"हिला सांगू नकोस, हेमांगी. देवीला दिलं म्हणून हे झालं, हे तिला कळता कामा नये. मला वचन दे."

मी दिलं. त्यात काही वावगं वाटलं नाही. गिऱ्हाइकाचं गुपित राखणं हा माझा धंदाच आहे, असं मी स्वतःला म्हटलं.

"आता दुसरा काहीच मार्ग नाही?"

मी दमले होते हे खरं आहे, पण ती सबब मी आता देत नाही. मार्ग नाही म्हणून सांगितलं असतं तर ते उठून गेले असते. पण मला नियम पाठ होता आणि पाठ असलेलं बोलून दाखवायची खोड होती. मी म्हटलं, नवीन कारण घडलं तर संधी परत मिळते. कायद्यात कारणं चार. नोकरी सोडणं, ते झालं. साडेएकोणसाठ वर्षं पूर्ण होणं, तेही झालं. तिसरं अपंगत्व, ते नोकरदारांना लागू नाही.

"आणि चौथं?"

"मृत्यू."

"कुणाचा?"

"खातेदाराचा. तुमचा."

काका दचकले नाहीत. उलट, इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. "म्हणजे मी गेलो, तर हिला सगळी सवलत मिळेल?"

"काकूंना पूर्ण मिळेल."

"त्या सात हजारांची चूक पुसून जाईल?"

"हो."

वर फोन थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. काकांनी पेन्सिलनं टाकीच्या तोंडावर एक आडवी रेघ मारली. "मग आता याला हात लावायचा नाही," ते माझ्यापेक्षा स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. "एकदा हात लावला आणि घोटाळा केला. आता मी आहे तोवर बंद. बरोबर ना?"

मी जिन्याकडे बघत होते. "हो," मी म्हटलं, "तसंच ठेवा," आणि फोन घ्यायला वर धावले. परत खाली आले तेव्हा काका बूट घालून गेले होते. टेबलावर पेन्सिल नीट टोक काढून ठेवली होती.

नऊ दिवसांनी काकू आल्या. त्या वर्षीचं रिटर्न काकांनी माझ्याकडेच टाकलं होतं आणि दोघांच्या नावाचं म्हणून त्यावर काकूंची सही लागत होती. काका त्यांना दारात सोडून गाडीत पेट्रोल भरायला गेले. ते मुद्दामच गेले, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

काकू कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या. हातमोजे काढायला त्यांना वेळ लागला. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे गं, एवढं जमतं अजून." त्यांनी सही केली. कुमुद सदानंद आठल्ये, मराठी वळणाची, लांबलचक. इंग्रजी अक्षरंसुद्धा त्यांच्या हातून डोक्यावर रेघ असल्यासारखी यायची. मग पेन टोपण लावून माझ्यासमोर ठेवलं आणि तशाच बसून राहिल्या.

"हे म्हणतात, पैसे अडकलेत," त्या म्हणाल्या. "खरंच का?"

मी हो म्हटलं.

"कशात अडकलेत?"

मी म्हटलं, नियमात. फार किचकट आहे, काकू. त्यांनी मान हलवली. किचकट म्हटलं की ज्या बायकांना पुढचं कुणी कधी सांगितलेलं नसतं, त्यांच्यासारखी हलवली. शैलाचं पत्र आलं होतं, गवंडी अक्षय्यतृतीयेला काम सुरू करतो म्हणत होता. तिला काहीतरी कळवायला हवं होतं. काकू रडक्या नव्हत्या, मागणाऱ्याही नव्हत्या. त्यांनी फक्त एक साधी गोष्ट विचारली.

"किती वर्षं अडकलेत, तेवढं सांग. दोन वर्षं, चार वर्षं. तेवढा काळ काढीन मी. बोटं एवढी काही गेली नाहीत."

याचं खरं उत्तर होतं: काका जाईपर्यंत. ते मी त्या बाईला कसं सांगणार? मी स्टेपलर उचलला आणि आधीच पिना मारलेल्या कागदांना आणखी एक पिन मारली. "सांगता येत नाही, काकू," मी मान वर न करता म्हटलं.

मी वर बघितलं तेव्हा त्या माझ्याकडेच बघत होत्या, अगदी शांतपणे. "बरं," त्या म्हणाल्या. मग माझ्या मुलाचा खोकला गेला का ते विचारलं, ज्येष्ठमधाचा काढा कसा करायचा ते सांगितलं, आणि हातमोजे घालायला लागल्या. त्यांना वर पोचवून मी खाली आले आणि पुढची फाइल उघडली.

पंधरा एप्रिल उलटला की काकांना फोन करायचा, हे मी तेव्हा ठरवलं होतं. कारण एक गोष्ट सांगायची राहिली आहे हे मला त्यांनी रेघ मारली तेव्हाच कळलं होतं. पंधरा उलटल्यावर मी दोन दिवस झोपून राहिले. मग मुलाची शाळा, मग उन्हाळा, मग भारतात सासऱ्यांचं आजारपण. नंतर आता एवढ्या उशिरा काय सांगायचं याची लाज वाटायला लागली. लाज हे मी खरं कारण म्हणून सांगते आहे. विसरले नव्हते.

सहा हिवाळे गेले. गणपतीत कुणीतरी दर वर्षी काकूंना विचारायचं, यंदा थंडीत देशात जाताय ना? काकू म्हणायच्या, "छे गं, मला इथला बर्फच आवडतो." सगळे हसायचे. काकूंचे हात तोवर पदराखाली असायचे. मीही हसायचे. काका मात्र तेवढ्यात कुठली तरी वायर तपासायला उठून जायचे. मधे काकू भाच्याच्या लग्नाला तीन आठवडे देवरुखला जाऊन आल्या, तेवढंच. शैलानं खोल्या शेवटी एका शिक्षकाला भाड्यानं दिल्या. दर मार्चमध्ये काकांचे कागद माझ्याकडे यायचे आणि वीस मिनिटांत काम संपायचं, कारण खात्यातून काही काढलेलंच नसायचं. एवढं सरळ रिटर्न माझ्याकडे दुसरं नव्हतं.

सातव्या जानेवारीत काकूंना न्यूमोनिया झाला आणि बारा दिवसांत त्या गेल्या.

मार्चमध्ये काका आले. बूट काढले, जिना उतरले, खुर्चीत बसले. एकोणसत्तर वर्षांचे होते, पण बसताना टेबलाचा आधार घेतला. पेन्सिल मागितली नाही. म्हणाले, ते खातं आता रिकामं करायचंय, सगळं. शेअर विकायचे, जेवढा टॅक्स बसतो तेवढा भरायचा.

मी सवयीनं समजावायला लागले. एकदम काढू नका. दर वर्षी थोडे थोडे काढा, तुमचं उत्पन्न कमी आहे, त्यावर टॅक्स अगदीच किरकोळ बसेल. हे बोलता बोलता माझी जीभ अडखळली. सात वर्षांपूर्वी हेच, याच खुर्चीत बसून, मी त्यांना सांगायचं बाकी ठेवलं होतं.

"काका," मी म्हटलं, "मला एक सांगायचंय. तेव्हाच सांगायला हवं होतं." "हात लावला असता तरी चाललं असतं. चौथ्या कारणाला आधी काढलेल्या पैशांची आडकाठी नसते. तुम्ही दर वर्षी देवरुखपुरते काढले असते तरी उरलेल्यावर काकूंना सवलत मिळालीच असती. आणि काढलेल्यावर टॅक्सही फारसा बसला नसता. तुम्ही बंद म्हणालात आणि मी हो म्हटलं. मला माहीत होतं. मी फोन घ्यायला गेले."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"सांगायला हवं होतंस," ते म्हणाले. एवढंच.

मला रडू यायला लागलं. त्यांनी ते बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि प्रिंटरकडे बघत बोलायला लागले. शेवटच्या आधीच्या दिवशी काकूंच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क थोडा वेळ काढला होता. त्यांना बोलायचं होतं. काकांना वाटलं, शैलाला काही निरोप असेल.

"मला म्हणाली, त्या पैशांचं मला माहीत आहे. मी म्हटलं, काय माहीत आहे? तर म्हणाली, हेमांगीला मी विचारलं होतं किती वर्षं, तर त्या पोरीनं मान खाली घातली. वर्षं सांगता येत नाहीत असं एकच असतं. तेव्हाच कळलं मला, ते पैसे तुमच्या मरणावर ठेवलेत."

मी समोरचे कागद उगाच सरळ केले.

"म्हणून पुन्हा कधी विषय काढला नाही हिनं," काका म्हणाले. "देवरुखला जाऊया म्हणणं म्हणजे तुम्ही मरा म्हणण्यासारखं झालं असतं, म्हणाली. आणि दर नवरात्रात देवीला सांगायची, ते पैसे माझ्या हाती येऊ देऊ नकोस. म्हणाली, बघा, ऐकलं तिनं." ते थांबले. "हसत होती, हेमांगी. जिंकल्यासारखी हसत होती."

सात हजारांचं मात्र काकूंना शेवटपर्यंत कळलं नव्हतं. तेवढं आम्ही दोघांनी नीट सांभाळलं होतं.

वर माझा मुलगा शाळेतून आला, दप्तर टाकल्याचा आवाज झाला. मी नाक पुसलं आणि फॉर्म पुढे ओढला, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. तारखा बघितल्या. आणि इतकं सगळं ऐकून झाल्यावरही माझ्या तोंडून जे निघालं ते हे:

"काका, काढायचेच असतील तर याच वर्षी काढा. काकू जानेवारीत गेल्या, म्हणजे या वर्षाचं रिटर्न अजून दोघांच्या नावानं भरता येतं. पुढच्या वर्षीपासून तुम्ही एकटे. यंदा टॅक्स बराच कमी बसेल."

काकांनी हळूच मान वळवली. "म्हणजे ही गेली म्हणून मला सवलत."

मी फॉर्मवरचा हात काढून घेतला.

"नको," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "पुढच्या जानेवारीत काढू. एकट्याच्या नावानं. सगळा भरू."

आणि त्यांनी तसंच केलं. त्याच्या पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये मी ते रिटर्न तयार केलं. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात एका साध्या नोकरदार माणसावर बसलेला एवढा टॅक्स मी दुसरा पाहिला नाही. काकांनी चेक स्वतः लिहिला, नकाशावर लिहावं तशा सुट्या, सरळ अक्षरांत. मग लिफाफा बंद करायच्या आधी माझ्याकडे बघितलं.

"पूर्ण आहे ना?"

"पूर्ण आहे, काका."

"कुठे काही वाचवलं नाहीस ना?"

"नाही," मी म्हटलं. "काहीच वाचवलं नाही."